ऋतुजाचं वजन

अंबाजोगाई,
शनिवार, १७ जानेवारी

प्रिय अक्का,

ऋतुजा आता बरी आहे, हे सगळ्यात आधी लिहिते. या क्षणी ती अंगणात फेऱ्या मारतेय आणि मोठ्यानं मोजतेय, सतराव्या फेरीवर आलीय. एवढं वाचून थोडं थांब, घोटभर पाणी पी, आणि मग पुढचं वाच.

तुला वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढतेय. पण हे पत्र ऊसतोडीच्या टोळीतल्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. शहादेव दाजींना काय सांगायचं ते वाचून झाल्यावर तू ठरव. फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. तुझा फोन स्पीकरवर असतो, पाचटाच्या कोपीतली चार माणसं ऐकत असतात, मागं ट्रॅक्टर चालू असतो, आणि तू पहिलंच विचारतेस, "पोरगी जेवती ना गं नीट?" मी हो म्हणते आणि पुढचं सांगायचं राहून जातं.

मागच्या आठवड्यात मी तुला म्हणाले की ऋतुजाला ताप आलाय, झोपलीय, म्हणून बोलत नाही. ताप नव्हता. ती सरकारी दवाखान्यात सलाइनवर होती. अक्का, आपल्या ऋतुजाला शुगर झालीय. अकराव्या वर्षी. तुझ्या सासऱ्यांना होती, ज्यांच्या पायाचं बोट कापावं लागलं, तीच. मी हे लिहितेय आणि लिहिलेलं मलाच खरं वाटत नाही.

गुरुवारी आठ तारखेला शाळेतून बाईंचा फोन आला की प्रार्थनेच्या वेळी पोरगी खाली पडली, उठत नाही. मी अंगणवाडीत होते, पोरांना खिचडी वाढत होते. पळी मदतनीस बाईच्या हातात दिली आणि तशीच धावले. तिचे ओठ कोरडे पडले होते, श्वास जोरजोरात चालला होता, डोळे उघडे असून मला ओळखत नव्हती. भागवत दुकान उघडं टाकून रिक्षा घेऊन आला. तिला उचलायला आम्ही तिघं लागलो.

दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं. छोट्या यंत्रावर आकडा आला, चारशे बारा. तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं लहानच, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी यंत्र बदलून पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. मग मला विचारलं, "सकाळी काय दिलं होतं हिला?" मी सांगितलं. तीन आठवड्यांपासून पोरीला सारखी तहान लागायची. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची, सारखी लघवीला जायची, दोनदा तर अंथरूण ओलं केलं. मी तिच्यावर ओरडले, घोडी झालीस म्हणाले. वजनकाट्यावर उभी केली तर सहासष्टची एकसष्ट झाली होती. मला वाटलं, पोर वाळायला लागली. म्हणून दुधात साखर वाढवली. दुकानातल्या आंब्याच्या थंड बाटल्या ती मागेल तेव्हा दिल्या. आणि त्या सकाळी शाळेत जाताना, अशक्तपणा जावा म्हणून, ग्लुकोजची पावडर घालून दोन पेले पाणी पाजलं. मॅडम लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी ऋतुजाची मान वळवली आणि विचारलं, हे कधीपासून आहे. मानेवरचा तो काळा पट्टा, तुला आठवत असेल, दिवाळीला तू आलीस तेव्हा तूच म्हणाली होतीस की शहरातल्या पोरी नीट अंघोळ करत नाहीत. मी सांगितलं, मळ आहे, कितीही घासलं तरी निघत नाही. तू गेल्यावर मी दर रविवारी तिला पाटावर बसवून वजरीनं मान घासायचे. ती रडायची, "मावशी, आग होती." मी म्हणायचे, आणखी थोडं. मॅडम म्हणाल्या, "हा मळ नाहीये. अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नाही, त्याची ही खूण आहे. वर्ष-दोन वर्षं हिचं शरीर सांगत होतं." मी तिच्या मानेकडं बघितलं. घासून घासून सालटं निघालेलं होतं, त्यावर खपली होती. ती खपली माझ्या हातची होती.

अक्का, मी सतरा वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं करतेय. माझं सगळं काम म्हणजे वजन. तक्त्यावर कोणतं मूल लाल रेघेखाली, कोणतं पिवळ्यात, कोणतं हिरव्यात आलं. एखाद्या पोराचं वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं की मी त्याच्या आईइतकी खूश होते. वजन वाढणं ही वाईट बातमी असू शकते, हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. धर्मापुरीला आपण लहान असताना शाळेत सुदृढ बालक स्पर्धा भरली होती, आठवतं का तुला? मोठ्या घरच्या सुंदररावांच्या नातवाला, त्या अमरसिंहला, पहिला नंबर मिळाला. हाताला, पायाला वळ्या पडलेल्या, गालांमुळं डोळे दिसेनात. आपण दोघी कुंपणापाशी उभ्या राहून बघत होतो. आई म्हणाली, "पोर असावं तर असं." त्या दिवशी घरी आपल्या दोघींत एक भाकरी होती. मला वाटतं तेव्हापासून माझ्या डोक्यात ते पोर बसलंय.

आणि तू ऋतुजाला माझ्याकडं आणून सोडलंस, दुसरीत घालायला, तेव्हा ती कशी होती. सात वर्षांची पोर आणि साडेपंधरा किलो. केस तांबूस, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. फडावर उसाच्या पाचटात खेळून पायाला चरे पडलेले. तू म्हणालीस, "बबे, हिला मान्सात आन." मी पहिल्याच दिवशी तिला गरोदर बायकांच्या काट्यावर उभं केलं आणि मनात ठरवलं की ही माझ्याकडं भरणार. वीस झाली तेव्हा तुला फोन केला. पंचवीस झाली तेव्हा केला. तू म्हणालीस, सगळ्या टोळीला सांगितलं, माझी लेक मावशीकडं लई भरली. तीस, पस्तीस. नंतर मी आकडा सांगणं बंद केलं, नुसतंच म्हणायचे, मजेत आहे.

तिला मी काय काय घातलं ते आता एकेक आठवतं. सकाळी चहात बुडवून टोस्ट, चार, पाच. डब्यात मैद्याच्या शेवया नाहीतर साखरेची पोळी, कारण भाजी दिली की परत आणायची. घर आणि भागवतचं दुकान एकाच दारात, दाराला कुरकुरीत पुड्यांच्या माळा टांगलेल्या, येता-जाता ती एक तोडायची. भागवत म्हणायचा, "आमच्या शेठाणीचंच दुकान हाय." शाळा पाऊण मैलावर, पण ऊन लागेल म्हणून रिक्षा लावली. संध्याकाळी खेळायला मैदान नाही, समोरच्या रस्त्यावर रिकामी पोरं बसलेली असतात, म्हणून मी तिला दारात जाऊ द्यायचे नाही. हातात मोबाइल दिला की गप्प बसायची. गुडघे दुखतात म्हणायची, जिना चढताना दम लागायचा, झोपेत घोरायची. आम्ही हसायचो. भागवत तर म्हणायचा, पोरगी सुखानं झोपती.

मॅडमनी मला विचारलं, जन्मताना वजन किती होतं. मला तोंडपाठ होतं, पावणेदोन किलो. तू कोपीवर बाळंत झालीस, सात महिने उसाच्या मोळ्या उचललेल्या. त्या म्हणाल्या, पोटात असताना आणि लहानपणी ज्यांना कमी मिळतं, त्यांचं शरीर मिळेल ते साठवायला शिकतं. अशा मुलाला मागून एकदम भरमसाट गोड, तळलेलं मिळालं आणि हालचाल थांबली, की ते शरीर जास्तच धोक्यात येतं. उपाशी ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही, पण आपण जे करतो तेही नाही. मला वाटायचं, आपण ऋतुजाला तिच्या पहिल्या वजनापासून लांब लांब नेतोय. ते पहिलं वजन तिच्या अंगातच बसून होतं.

सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. दारू पिणाऱ्याच्या लिव्हरवर असते तशी, असं मॅडम म्हणाल्या, आणि मी त्यांना दोनदा विचारलं की कागद बदलला तर नाही ना. रक्तदाबही वयाच्या मानानं जास्त आहे. डोळे तपासायला महिनाभरानं बोलावलंय. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई आहे. वजन उतरलं, साखर धरून राहिली, तर पुढं गोळ्यांवर भागेल म्हणतात, पण कधी ते सांगत नाहीत. सुईची डबी थंड ठेवावी लागते. आमच्याकडं फ्रिज एकच, दुकानातला. त्या आंब्याच्या बाटल्यांच्या शेजारी तिचं औषध ठेवलंय.

भागवत दवाखान्यात तीन दिवस नुसता बाकावर बसून होता. जो भेटेल त्याला एकच सांगायचा, "आपुन तिला कधी उपाशी न्हाई ठेवलं." घरी आल्यावर त्यानं दाराच्या सगळ्या माळा काढल्या. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायला लागलं तेव्हा पुन्हा लावल्या, पण आतल्या भिंतीला, फळीच्या मागं. दुकान बंद करून आम्ही खाणार काय. पण कालपासून तो तिला शाळेत चालत सोडतो. ती दमली की दोघं मारुतीच्या पारावर बसतात, मग पुन्हा चालतात. काल परत आल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की शाळेत पोरी तिला टेम्पो म्हणतात. ती मधल्या सुट्टीत डबा संडासामागं उभी राहून खायची, वर्षभर. आम्हाला एका शब्दानं बोलली नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी दोन दिवस लावले.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली. नर्सनं सुई काढली आणि ऋतुजा माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, आई येनार हाय का?" आणि अक्का, माझा हात आपोआप पिशवीत गेला. पिशवीत बिस्किटाचा पुडा होता. बाहेर काढून मी तो फोडणार, तेवढ्यात नर्स म्हणाली, "ताई, काय करताय?" मी पुड्याकडं बघितलं. मला खरंच कळलं नव्हतं की मी काय करतेय. ती आई म्हणाली आणि माझा हात पुड्याकडं गेला, इतकंच. आणि मग चार वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी एकदम माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

ऋतुजा तुझ्यासाठी रडायची. मी तुला कधी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी रोज. तुझा फोन आला, बोलणं झालं, की ती पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसायची. "मला आईकडं सोड. मी ऊस वेचीन, धाकट्या कार्तिकीला सांभाळीन, पर मला तिकडं सोड." मला ते ऐकवत नसे. मी तिच्या हातात काहीतरी द्यायचे. कधी पुडा, कधी पेढा, कधी मोबाइल. खाताना पोर रडत नाही, हे मला आठवडाभरात कळलं. आणि दुसऱ्या फोनवर तू विचारायचीस, "आठवन काढती का गं माझी?" मी म्हणायचे, "न्हाई गं, मजेत रमलीय, तुझं नाव बी काढत न्हाई." तू जरा वेळ गप्प व्हायचीस. मग म्हणायचीस, "बरं झालं." तुझं ते गप्प होणं मी चार वर्षं ऐकत आले, आणि मला त्यात आनंद व्हायचा. माझ्या आणि भागवतच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, पाळणा हलला नाही, डॉक्टर झाले, देव झाले. घरात एक पोर होती, तिनं मला सोडून कुणाला हाक मारू नये असं मला वाटायचं. दवाखान्यात कागदावर आईची सही मागितली तेव्हा मी केली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी, ती चौथीत असताना, शाळेत तपासणीची गाडी आली होती. त्यांनी ऋतुजाबरोबर एक कागद दिला. वजन वयाच्या मानानं बरंच जास्त, मानेवर काळेपणा, साखरेची तपासणी करून घ्यावी, पालकांनी भेटावं. तेव्हा ती चव्वेचाळीस किलोची होती. मी अंगणवाडीची बाई, तो कागद मला कळला नाही असं म्हणता येणार नाही. मी तो दोनदा वाचला, मानेवर मळच असेल असं स्वतःला सांगितलं आणि कागद जुन्या रजिस्टरमध्ये घालून ठेवला. तुला सांगितलं तर तू म्हणशील, बबे, तुला जमत नसंल तर आणून सोड, ही भीती होती. पालकांनी भेटावं असं त्यात होतं. पालक कोण, हा प्रश्नच मला नको होता. मॅडम म्हणाल्या की त्याच वेळी आणली असती तर खाणंपिणं आणि खेळणं यावर कदाचित निभावलं असतं. मी त्यांना कागदाचं बोलले नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय. भागवतलाही माहीत नाही.

आता घरात सगळे एकच जेवण जेवतो, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, ताक. पहिले दोन दिवस तिनं ताट ढकललं, मला शिव्या दिल्या, मी खाल्ल्या. सुई ती स्वतः घ्यायला शिकली, मला अजून बघवत नाही. काल रात्री जेवताना तिनं विचारलं, "आईला सांगितलंस का?" मी म्हणाले, सांगते. ती म्हणाली, "खरं सांग."

तू मंगळवारी फोनवर म्हणालीस की टोळीतली साखराबाई पुढच्या आठवड्यात गावाकडं निघालीय, तिच्यासोबत कार्तिकीला माझ्याकडं पाठवतेस, तिलाही ऋतीसारखी भरव, फडावर थंडीनं पोर आखडलीय. मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवला आणि मला आनंद झाला. ऋतुजा आत पडलेली, हाताला सलाइनची पट्टी तशीच, आणि मला आनंद झाला. त्या आनंदाला मी घाबरले, म्हणून हे पत्र. तुमच्या टोळीतले सटवा भाऊजी बायकोला दवाखान्यात दाखवायला इकडं आले होते, उद्या पहाटे परत निघतात, त्यांच्याजवळ हे बंद करून देतेय आणि तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. कार्तिकीचा हात साखराबाईच्या हातात देण्याआधी तू हे सगळं वाचलेलं असावंस, एवढ्यासाठी लिहिलं. जमलं तर आधी तू ये, चार दिवसांसाठी का होईना. ऋतुजाला न्यायचं म्हणालीस तर मी अडवणार नाही. औषध तिकडं कसं ठेवायचं ते मॅडमना विचारून ठेवते. आणि हे वाचूनही तू कार्तिकीला पाठवलीस, तर ती तुझ्यासाठी रडेल. तेव्हा मी तिच्या हातात काही देणार नाही. तुला फोन लावीन, आणि तिचं रडणं तुला ऐकू देईन.

तुझीच धाकटी,
बबिता